कोऱ्या पावत्या विकणाऱ्यांना १५ ऑगस्टपर्यंतची मुदत

जेऊर, चिखलठाण, शेटफळ, वांगी, कंदर, कोंढेज, केम आणि आसपासच्या प्रत्येक घरासाठी हा जाहीर इशारा आहे. त्यातही तो त्या मोजक्या माणसांसाठी आहे, ज्यांना ही ओळ वाचतानाच कळलं असेल की विषय आपला चाललाय.

अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या उशाशी बसून "गाडीभाड्याच्या पावत्या मी आणतो, तुम्ही फक्त सही ठोका" असं सांगायचा धंदा या भागात सुरू आहे. तो बंद करा. त्यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर काय होईल ते शेवटी लिहिलंय. पण आधी मी हे का लिहितोय ते ऐका, कारण ही गोष्ट माझ्या घरची आहे.

आठ वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, करमाळा–टेंभुर्णी रस्त्यावर एका कारने उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटलं. सोलापूरच्या एका दवाखान्यात रॉड घातला. दवाखान्याचं बिल सगळ्यांना दिसतं, त्याचा छापील कागद असतो. त्याच्यानंतर जे सुरू होतं ते कुणाला दिसत नाही. दर चार दिवसांनी ड्रेसिंग, मग टाके काढणं, मग एक्स-रे, मग पंधरा दिवसांनी परत एक्स-रे, मग व्यायामाची खोली. जेऊरहून सोलापूर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या वर. दादाचा गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे एसटीत बसवता येईना आणि रेल्वेच्या डब्यात चढवता येईना. जीपची मागची सीट काढायची, खाली गादी टाकायची, पायाखाली दोन उशा द्यायच्या आणि रस्त्याला प्रत्येक खड्ड्याआधी ड्रायव्हरला "हळू" म्हणायचं. मी पुढे बसायचो, पण तोंड मागे. एकूण एकोणतीस खेपा झाल्या. त्यातल्या एकवीस जीपने, दर खेपेला अडीच हजार. नुसतं जीपभाडं साडेबावन्न हजार झालं. वहिनीची बोरमाळ त्यात गेली. पावती एकही घेतली नाही. ओळखीचा ड्रायव्हर, त्याला पावती कशी मागायची?

मग तो माणूस घरी आला. वकील नव्हता, पण वकिलासारखा बोलायचा. "क्लेम टाकू, सगळं मी बघतो, तीस टक्के माझे." गाडीभाड्याच्या पावत्या नाहीत म्हटल्यावर म्हणाला, "त्याची काळजी करू नका." आठवड्यात सतरा पावत्या आल्या. दादाने सही केली. मीही शेजारी बसलो होतो, मीही काही बोललो नाही.

उलटतपासाला विमा कंपनीच्या वकिलांनी तीनच गोष्टी विचारल्या. पहिली पावती सहा तारखेची होती, 'जेऊर ते सोलापूर, पेशंटसह'. डिस्चार्ज कार्डावर दादा नऊ तारखेपर्यंत त्याच दवाखान्यात कॉटवर होता. दुसरी गोष्ट, पावत्यांवरच्या तारखांत चार महिन्यांचं अंतर, पण नंबर ४१ ते ५७, सलग. म्हणजे त्या जीपवाल्याने चार महिन्यांत दुसरं एकही गिऱ्हाईक घेतलं नव्हतं असं मानायचं. आणि तिसरी, पावतीवरचा गाडी नंबर एका दुधाच्या टेम्पोचा निघाला. दादा पिंजऱ्यात उभा होता, कुबडी काखेत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला माहीत नाही, साहेब."

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने सतराच्या सतरा पावत्या बाजूला ठेवल्या आणि प्रवासापोटी अंदाजाने एकरकमी पंधरा हजार धरले. त्यात न्यायाधीशांचं काहीच चुकलं नाही. एकवीस खेपा खऱ्या होत्या. खड्डे खरे होते, गादी खरी होती, बोरमाळही खरीच गेली. पण खोटा कागद पुढे ठेवल्यावर खरी गोष्ट सांगायला तोंड राहिलं नाही. शिवाय त्या दिवसापासून दादाच्या बाकीच्या म्हणण्याकडेही संशयाने पाहिलं गेलं. पगार किती होता, काम किती दिवस बुडालं, सगळ्याकडेच. तो दलाल उलटतपासाच्या दिवशी कोर्टात आला नव्हता.

म्हणून सांगतो, कायदा जखमी माणसाच्या विरुद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात जखमी माणसाला कोणकोणत्या बाबींची भरपाई मिळायला हवी त्याची यादी दिली आहे. त्यात उपचार आणि औषधांच्या शेजारीच प्रवास आहे आणि सकस आहारही आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नव्या मोटार वाहन नियमांत न्यायाधिकरणाने जखमीच्या निवाड्याचा गोषवारा एका ठरलेल्या तक्त्यात द्यायचा असतो. त्या तक्त्यात उपचाराच्या खर्चाखाली प्रवासखर्चाचा स्वतंत्र रकाना आहे. हा रकाना कुणाच्या मेहेरबानीवर भरत नाही, पुराव्यावर भरतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात उपचाराच्या प्रवासाचा किलोमीटरमागे कुठलाही दर ठरवलेला नाही. इथे तुम्ही खेपांचा हिशेब लिहिलेली वहीच दर ठरवते, आणि वही नसली की न्यायाधीशांना अंदाज करावा लागतो. अंदाज नेहमी हात राखून होतो.

आता पावती मिळत का नाही, याच्या मुळाशी जाऊ. आपल्याकडे रुग्ण नेणाऱ्या बहुतेक गाड्या पांढऱ्या पाटीच्या आहेत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवायला परवाना नसतो. मालकाने 'भाडे मिळाले' असं लिहून सही केली तर तो स्वतःच्या हाताने कायदा मोडल्याची कबुली देतो, म्हणून तो पावती देत नाही. त्याच फटीतून दलाल आत शिरतो. छापखान्यातून पावतीपुस्तक आणतो, मनाला येईल तो नंबर टाकतो, मनाला येईल तो आकडा. जीपवाला गप्प, कारण त्याचं नाव कुठे येत नाही. घरचे गप्प, कारण पैसे मिळतील असं वाटतं. या गप्प बसण्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

जीपवाल्यांनो, तुम्ही माझ्या गावचे आहात, रात्री दोनला हाक मारली तरी गाडी काढता. माझ्या दादाला तुम्हीच नेलंत, हे मी विसरलेलो नाही. पण आता ऐका. रुग्णाचं भाडं करायचं असेल तर रीतसर परवाना काढा, पिवळी पाटी लावा आणि नंबर, तारीख, कुठून कुठे, रक्कम आणि सही असलेली पावती द्या. ज्याला ते करायचं नाही त्याने भाडं घेऊ नये. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याचा रुग्ण असताना वाटेत काही झालं तर गाडीची विमा कंपनी पॉलिसीच्या अटी मोडल्या म्हणून हात वर करू शकते. मग तो रुग्ण आणि तुम्ही, दोघंही उघड्यावर. आणि कुठल्याही दलालाला आपला गाडी नंबर वापरू देऊ नका. उद्या कोर्टाने बोलावलं तर तुम्हाला तिथे उभं राहून शपथेवर बोलावं लागेल.

विमा कंपन्यांच्या नावाने दवाखान्यात फिरणाऱ्या माणसांनाही हा इशारा आहे. जखमी माणूस सलाईनवर असताना कोऱ्या व्हाउचरवर 'फायनल' सही घ्यायचा प्रकार मी स्वतः पाहिलाय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे कंपनीने नेमलेला अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव देऊ शकतो, पण तो प्रस्ताव न्यायाधिकरणासमोर आणायचा असतो, आणि तोही तीस दिवसांच्या आत. दवाखान्याच्या जिन्यात घेतलेल्या सहीला इथून पुढे साक्षीदार असतील. जेऊरचं कुठलंही घर सांगेल तेव्हा मी स्वतः तिथे येऊन बसेन.

आणि आता आपल्याच लोकांना. सगळ्यात कडक बोलणं तुमच्याशी आहे, कारण दलाल येतो तो तुमच्या उंबऱ्यावरून.

सही दलालाची नसते, तुमची असते. खोटी पावती खरी म्हणून कोर्टात दिली तर भारतीय न्याय संहितेखाली खोटा पुरावा, बनावट दस्तऐवज आणि फसवणूक असे गुन्हे लागू शकतात. न्यायालयात खोटा पुरावा देण्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात दाव्यांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ साली विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे वकीलही अडकले. तुमचा पाय मोडलाय म्हणून कुणी सोडून देईल या भ्रमात राहू नका.

टक्क्यांचा करारही करू नका. वकिलाने निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. जो वकीलच नाही त्याला तर तीस टक्के मागायचा कसलाच अधिकार नाही. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, ती तिथे विचारा.

वेळेचं बोलू. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायची अट आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि मुदत गेली एवढ्याच कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. त्याच्या भरवशावर "हंगाम संपला की बघू" असं म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेतलं असं समजा. दुसरं म्हणजे, नव्या नियमांनी पोलिसांवर जबाबदारी टाकली आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला जायला हवा, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीच्या हक्कांचा कागद दहा दिवसांत तुमच्या हातात पडायला हवा. पडला नाही तर करमाळ्याला पोलीस ठाण्यात जाऊन लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी विचारून परत येऊ नका.

वहीचं आता नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या खेपेपासून लिहा, नंतर आठवून नको. नंतर आठवून लिहिलेली वही एकाच शाईची, एकाच बैठकीची दिसते आणि कोर्टात ते लगेच ओळखतात. तारीख, कुठून कुठे, कशासाठी (ड्रेसिंग, एक्स-रे, टाके, व्यायाम), गाडीचा नंबर, भाडं, बरोबर कोण होतं. स्वतःची किंवा पाहुण्यांची गाडी असेल तर निघताना आणि पोचल्यावर किलोमीटरच्या काट्याचा फोटो, आणि पंपावरचं डिझेलचं बिल. पैसे शक्यतो फोनवरून द्या. बँकेच्या उताऱ्यावर तारीख आणि नाव राहतं, ते कुणी खोडू शकत नाही. एसटीचं तिकीट मशिनच्या चकचकीत कागदाचं असतं. आपल्या उन्हात, पत्र्याच्या घरात, दोन-तीन महिन्यांत ते कोरं होतं. मी अशी अकरा तिकिटं बघितलीत, एका बाईने प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये नीट ओळीने लावलेली, आणि एकावरही अक्षर नाही. त्या बाईने एकेक तिकीट उजेडाकडे धरून पाहिलं. म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटो काढून ठेवा.

वहीतली प्रत्येक तारीख दवाखान्याच्या केसपेपरवर दिसली पाहिजे. केसपेपर नाही तर खेप नाही, असंच धरून चला. डॉक्टरांना सांगा की पुढच्या तपासणीची तारीख कार्डावर लिहा. रॉड वर्षभराने काढायचा असेल तर तेही आत्ताच लिहून घ्या, कारण पुढच्या उपचाराचा खर्च डॉक्टरांच्या लेखी शब्दाशिवाय मागता येत नाही. जखमीबरोबर माणूस लागत होता, एकट्याला जाता येत नव्हतं, जीपच लागत होती, हेही डॉक्टरांच्या हातचं असलं तर कुणी "एसटीने का नाही गेलात?" असं विचारू शकत नाही. दादाच्या वेळी एवढं एक वाक्य आमच्याकडे असतं तर साडेबावन्न हजारांपैकी बरेच परत आले असते. ते वाक्य लिहायला डॉक्टरांना अर्धा मिनिट लागलं असतं. आम्ही मागितलंच नाही.

जे दिलं नाही ते मागू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, तिचं भाडं वहीत घालू नका. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तर अर्धंच लिहा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा प्रवास फुकट आहे, तो शून्य लिहा. आणि केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या विनारोकड योजनेतून नियुक्त दवाखान्यात पहिल्या सात दिवसांचा दीड लाखापर्यंतचा उपचार झाला असेल, तर ते बिल दाव्यात पुन्हा धरू नका. मात्र सात दिवसांनंतरच्या खेपा तुमच्या खिशातल्याच आहेत, त्या सोडू नका. कोर्टाच्या तारखांना केलेला प्रवास वेगळ्या पानावर लिहा. तो उपचाराचा प्रवास नाही, आणि दोन्ही एकत्र झाले की उपचाराच्या खेपांवरही बोट ठेवलं जातं.

ऊसवाल्यांनो, ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हालाही एक शब्द. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी डबल ट्रॉली रस्त्यात उभी करून जेवायला जाणाऱ्याला मी या गावात माफ करणार नाही. ट्रॅक्टरचा विमा आहे का, ट्रॉलीचा आहे का, हे आजच बघून घ्या. विमा नसला तर जखमीची भरपाई तुमच्या शेतावर आणि ट्रॅक्टरवर येते.

आता मुदतीचं. माझ्याकडे दादाच्या सतरा पावत्यांच्या प्रती आहेत. त्यानंतरच्या वर्षांत चार घरांनी मला आपल्या फायली दाखवल्या, त्यातल्या तीन घरांच्या पावत्यांत तेच पुस्तक आहे, त्याच छापाचं, त्याच हस्ताक्षरात. ती घरं बोलायला तयार आहेत. मीही शपथेवर बोलायला तयार आहे, आणि त्यात माझ्या भावाच्या सहीचंही सांगणार आहे, आम्ही काय केलं तेही लपवणार नाही.

ज्यांच्याकडे अशी पुस्तकं आहेत त्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ती जाळू नयेत, फाडू नयेत. ती ग्रामसभेत सगळ्यांसमोर आणून ठेवावीत. ज्या घरांशी टक्क्यांचा करार केलाय त्या घरांना जाऊन तो कागद परत करावा. ज्यांच्या दाव्यात खोट्या पावत्या आधीच दाखल आहेत, त्या घरांना आपल्या वकिलांमार्फत त्या मागे घ्यायला सांगावं आणि त्यासाठी लागेल तो खर्च स्वतः भरावा. एवढं करणाऱ्याचं नाव मी कुठेही घेणार नाही. अपघातग्रस्तांच्या घरांना परत तोंड दाखवू नका, बस्स.

जो हे करणार नाही, त्याच्याबद्दल ग्रामसभेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी तीन अर्ज जातील. एक सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे, एक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आणि त्या कामात कुणा वकिलाचा हात निघाला तर तिसरा बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. अर्जांना पावत्यांच्या प्रती जोडलेल्या असतील, पावतीवरचे गाडी नंबर असतील आणि त्या गाड्यांच्या खऱ्या मालकांची नावं असतील. अर्जाची पोच मी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन.

तिन्ही अर्ज लिहून तयार आहेत. फक्त तारीख घालायची राहिली आहे.